एकच टेबल परत आणायचंय, काय करू?

या महिन्यात व्हॉट्सॲपवर आणि मेलवर जे प्रश्न आले त्यातले निम्मे एकाच जातीचे निघाले, की सगळा डेटाबेस नको, फक्त एक टेबल किंवा दोनतीन टेबलं वाचवायची आहेत, नाहीतर परत आणायची आहेत. म्हणून आख्खं सदर त्याच्यावरच ठेवलंय. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, मासिकात सगळं देवनागरीत छापतात म्हणून कमांडा पण देवनागरीत लिहिल्यात, तुम्ही टाइप इंग्रजीतच करा, नाहीतर परत मलाच फोन येणार.

प्रश्न (औषधांचे होलसेल व्यापारी, इंदूर): दादा, नमस्कार. दवा बाजारात आमचं दुकान आहे, बिलिंग मायएसक्यूएल ८ वर चालतं. आज दुपारी पावणेचारला एका कंपनीच्या मालाचे भाव बदलायचे होते, मुलानं थेट अपडेट मारला आणि व्हेअर (कुठल्या ओळी बदलायच्या ते सांगणारा भाग) लिहायचं राहून गेलं. दुकानातल्या प्रत्येक मालाला एकच भाव, ३८ रुपये! इंजेक्शन पण ३८ आणि खोकल्याची बाटली पण ३८. अर्ध्या तासानं लक्षात आलं तोवर २०-२२ बिलं निघून गेली होती. रोज रात्री २ वाजता पूर्ण डेटाबेसचा डंप (सगळा डेटा कमांडांच्या रूपात उतरवलेली फाइल) निघतो, तो आहे. मला फक्त मालाचं टेबल कालसारखं करायचंय. डंप चालवून टाकू का?

उत्तर: नका, अजिबात नका! यांना मी त्याच संध्याकाळी फोन केला आणि पहिलं वाक्य हेच बोललो. इथं जरा निवांत सांगतो कारण उद्या हे तुमच्यापैकी कोणावरही येऊ शकतं.

मायएसक्यूएलडंपनं काढलेली फाइल एखाद्या एडिटरमध्ये उघडून बघा, प्रत्येक टेबलाच्या आधी 'ड्रॉप टेबल इफ एक्झिस्ट्स' असं लिहिलेलं असतं, ते डिफॉल्टच आहे. म्हणजे ती फाइल चालू डेटाबेसवर सोडली की आधी तुमचं आजचं प्रत्येक टेबल उडणार आणि मग रात्री २ वाजताचं येणार, भाव दुरुस्त होतील पण सकाळपासूनची सगळी बिलं, जमा, उधारी, सगळं साफ. एका टेबलासाठी घरच पेटवून देण्याचा प्रकार.

तर पहिलं काम, काउंटरवरच्या मुलांना सांगा की थांबा, चहा प्या, बिल काढू नका. दुसरं काम लोकांना विचित्र वाटतं पण मी ते कधीच सोडत नाही, आत्ताच्या बिघडलेल्या अवस्थेचाच एक डंप काढून ठेवा. दुरुस्ती करताना आणखी घोळ झाला (घाईत होतोच) तर निदान या जागेपर्यंत तरी परत येता येईल.

मग त्याच मशीनवर एक नवा रिकामा डेटाबेस बनवा, नाव काहीही द्या, 'बाजूला' दिलं तरी चालेल, आणि रात्रीचा डंप त्याच्यात उतरवा. इथं एक खड्डा आहे. डंप काढताना जर --डेटाबेसेस किंवा --ऑल-डेटाबेसेस लावलेलं असेल तर फाइलमध्येच 'यूज अमुक' अशी ओळ असते, आणि मग तुम्ही कमांडमध्ये कितीही 'बाजूला' लिहा, ती फाइल मूळ डेटाबेसमध्येच जाऊन पडते. म्हणून उतरवायच्या आधी वरच्या २५-३० ओळी वाचायच्या, 'क्रिएट डेटाबेस' आणि 'यूज' दिसलं तर त्या ओळी काढून टाकायच्या नाहीतर सरळ दुसऱ्याच मशीनवर उतरवायचं. मी शक्यतो दुसरं मशीनच घेतो, जुना लॅपटॉप असला तरी चालतो.

फाइल फार मोठी आहे आणि फक्त मालाचंच टेबल हवंय तर 'टेबल स्ट्रक्चर फॉर टेबल' अशी जी शेऱ्याची ओळ असते तिथपासून पुढच्या टेबलाच्या तशाच ओळीपर्यंतचा तुकडा सेड या कमांडनं कापून घेता येतो. फक्त फाइलच्या अगदी वरच्या ओळी पण सोबत घ्या, कारण कॅरेक्टर सेट आणि फॉरेन की (एका टेबलाची ओळ दुसऱ्या टेबलातल्या ओळीशी बांधणारा नियम) चेक बंद करायचं तिथंच लिहिलेलं असतं. आणि असा कापलेला तुकडा तर चालू डेटाबेसवर मुळीच टाकू नका, चेक बंद असतात त्यामुळे तो बिनातक्रार आत जातो. सकाळी ज्या नव्या मालाची नोंद झाली तो माल रात्रीच्या टेबलात नाही, पण त्याची बिलं मात्र आहेत, वऱ्हाड हजर आणि नवरदेव गायब. नंतर चेक परत चालू केले तरी मायएसक्यूएल आधी घुसलेल्या ओळी तपासत नाही, त्या तशाच अनाथ पडून राहतात आणि मार्चमध्ये सीए ओरडतो.

आता बाजूला जुनं टेबल तयार आहे. तिथून पूर्ण टेबल आणायचंच नाही, बिघडलंय काय तर फक्त भावाचा कॉलम. मग मालाच्या आयडीवर दोन्ही टेबलं जोडून अपडेट करा, फक्त भाव उचला. स्टॉकला हात नाही, सकाळी आलेल्या नव्या मालाला हात नाही. आधी सिलेक्टनं बघा किती ओळी जुळतात, मग ट्रान्झॅक्शन सुरू करून अपडेट, मग दहावीस ओळी डोळ्यानं तपासा, मग कमिट.

राहिला प्रश्न रात्री २ ते दुपारी पावणेचार या वेळात ज्यांचे भाव खरोखरच बदलले होते त्यांचा, आणि आज आलेल्या नव्या मालाचा, तो तर ३८ वरच अडकलाय. त्यासाठी बिनलॉग, म्हणजे डेटाबेसमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या फाइली. मायएसक्यूएल ८ मध्ये तो आपसूक चालू असतो आणि कोणी छेडछाड केली नसेल तर ३० दिवस टिकतो. यात खरी मजा अशी आहे की रो फॉरमॅटमध्ये अपडेट झालेल्या प्रत्येक ओळीची आधीची आणि नंतरची अशी दोन्ही रूपं लिहिलेली असतात. मायएसक्यूएलबिनलॉगला --व्हर्बोज आणि --बेस-६४-आउटपुट=डीकोड-रोज सांगा, वेळ पावणेचारच्या आगेमागे द्या, की 'व्हेअर' खाली जुनी ओळ आणि 'सेट' खाली नवी ओळ छापून येते. कॉलमांची नावं येत नाहीत, ॲट १, ॲट २ असे क्रमांक येतात, टेबलाची रचना शेजारी उघडून मोजत बसायचं. म्हणजे त्या एका चुकीच्या अपडेटनं जे जे पुसलं ते सगळं तिथंच आहे, सेकंदापूर्वीचं! १५-२० ओळींची पायथन स्क्रिप्ट लिहून आयडी आणि जुना भाव काढला की झालं. यांच्याकडे बिनलॉग चालू होता, त्यामुळे खरं तर डंपची गरजच नव्हती, पण मी दोन्हीकडचे भाव ताडून बघितले, जिथं फरक आला तिथं बिनलॉगचं खरं मानलं. टेबलाप्रमाणे गाळणी मात्र त्या कमांडमध्ये नाही, --डेटाबेस एवढंच आहे, पुढचं ग्रेप या शोधायच्या कमांडनं शोधायचं.

आणि ती २०-२२ बिलं. मुलगा म्हणाला बॅकएंडमधून बदलून टाकतो. मी म्हटलं बाबा रे, कागद गिऱ्हाइकाच्या हातात गेलाय, आता ते डेटाबेसचं काम राहिलं नाही, क्रेडिट नोट काढ, नवं बिल दे आणि दोन शिव्या खा.

प्रश्न (विद्यार्थी, दांडिया बाजार, वडोदरा): दादा, मी प्रोजेक्टसाठी पोस्टग्रेस वापरतो. चुकून सदस्यांचं टेबल ड्रॉप केलं, एरर आली म्हणून कॅस्केड लावून ड्रॉप केलं (माहितेय, माहितेय). कस्टम फॉरमॅटमधला डंप होता म्हणून पीजी-रिस्टोरला -टी देऊन टेबल परत आणलं, डेटा सगळा आला, खूष झालो. पण आता शोध खूप स्लो झालाय आणि नवीन सदस्य टाकायला गेलं की आयडी रिकामा चालत नाही अशी एरर येते. आधी तर आयडी आपोआप पडायचा. डंप खराब आहे का?

उत्तर: डंप एकदम ठणठणीत आहे, तू अर्धाच उतरवलास. यात तुझी एकट्याची चूक नाही, इथं नावच फसवं आहे. पीजी-डंपला पण -टी आहे आणि पीजी-रिस्टोरला पण -टी आहे, दिसायला जुळे भाऊ पण वागणं वेगळं. पीजी-डंप -टी टेबलासोबत त्याचे इंडेक्स वगैरे लवाजमा घेऊन येतो. पीजी-रिस्टोर -टी मात्र नुसतं टेबल आणि त्यातला डेटा आणतो, इंडेक्स नाही, प्रायमरी की नाही, सिक्वेन्स नाही, ट्रिगर नाही. मॅन्युअलमध्ये हे स्पष्ट लिहिलंय, पण टेबल ड्रॉप झाल्यावर मॅन्युअल कोण वाचतं.

म्हणून शोध स्लो, कारण इंडेक्सच नाही. म्हणून आयडी रिकामा, कारण सिक्वेन्स (पुढचा आयडी आपोआप देणारा मोजणीचा आकडा) आणि त्याला जोडणारा डिफॉल्ट हे त्या डंपमधले वेगळे नग आहेत, ते मागेच राहिले. आणि जे तुला अजून दिसलेलं नाही ते जास्त वाईट आहे, प्रायमरी की नसल्यामुळे आत्ता कोणी एकाच आयडीच्या दोन ओळी टाकल्या तर पोस्टग्रेस काहीच बोलणार नाही, दोन्ही ठेवून घेईल. त्यामुळे हे सगळं नीट होईपर्यंत ॲप बंद ठेव.

आता करायचं काय. पीजी-रिस्टोरला -एल (छोटा एल) देऊन डंपमधल्या सगळ्या वस्तूंची यादी एका फाइलमध्ये काढ. लग्नात रुखवताची यादी असते ना तसं, एकेक नग एकेका ओळीवर. टेबल, टेबल डेटा, सिक्वेन्स, सिक्वेन्स ओन्ड बाय, डिफॉल्ट, सिक्वेन्स सेट, कन्स्ट्रेंट, इंडेक्स, ट्रिगर, एफके कन्स्ट्रेंट. जे नको त्या ओळीच्या सुरुवातीला अर्धविराम टाकायचा, मग ती ओळ वाचली जात नाही. मग तीच यादी मोठ्या -एल ला देऊन रिस्टोर. टेबल आणि डेटा तुझ्याकडे आलाय, म्हणून त्या दोन ओळींना अर्धविराम आणि बाकी सदस्य टेबलाशी संबंधित सगळ्या ठेव.

कॅस्केडचं विसरू नकोस. कॅस्केडनं दुसरी टेबलं उडत नाहीत पण दुसऱ्या टेबलांमधून या टेबलाकडे येणाऱ्या ज्या फॉरेन की होत्या त्या गेल्या, आणि या टेबलावर उभे असलेले व्ह्यू पण गेले. म्हणजे यादीत फक्त 'सदस्य' शब्द शोधून भागणार नाही, वर्गणीच्या टेबलाच्या नावाखाली असलेली एफके कन्स्ट्रेंट पण तुला हवीय, ती वर्गणीच्या नावानं लिहिलेली असेल. हे सगळं आधी एका रिकाम्या टेस्ट डेटाबेसवर करून बघ. आणि शेवटी सिक्वेन्स कुठं उभा आहे ते बघ, डंप काढला तेव्हाच्या आकड्यावर तो परत येतो, मधे कोणी हातानं आयडी टाकून ओळी घातल्या असतील तर तो मागे पडलेला असणार, सेटव्हॅलनं आत्ताच्या सगळ्यात मोठ्या आयडीवर नेऊन ठेव.

एक जाता जाता सांगतो. पोस्टग्रेसमध्ये ड्रॉप टेबल आणि ट्रंकेट सुद्धा ट्रान्झॅक्शनमध्ये बसतात, आधी बिगिन लिहिलं असतंस तर रोलबॅक म्हटल्यावर टेबल जसंच्या तसं परत आलं असतं. मायएसक्यूएलवाल्यांना हे सुख नाही, तिथं असल्या कमांडा स्वतःच कमिट करून मोकळ्या होतात.

प्रश्न (एका मराठी मंडळाच्या ग्रंथालयाच्या कार्यकर्त्या, इंदूर): भाऊ, आमच्याकडे चारएक हजार पुस्तकांची नोंद आहे, भाच्यानं मायएसक्यूएलमध्ये बसवून दिलंय. तो आता पुण्याला गेला. त्यानं सांगितल्याप्रमाणे निळ्या खिडकीत कमांड टाकून दर शनिवारी पुस्तकं आणि सभासद या दोन टेबलांचा बॅकअप काढते. परवा सहज दुसऱ्या कॉम्प्युटरवर चढवून बघितला तर पहिल्याच ओळीला एरर. मग एका ओळखीच्या मुलानं ती फाइल काहीतरी 'कन्व्हर्ट' करून चढवली तर सगळ्या मराठी नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं!

उत्तर: ताई, पहिलं म्हणजे तुम्ही दुसऱ्या कॉम्प्युटरवर चढवून बघितलं, मोठमोठ्या कंपन्यांमधले लोक बघत नाहीत, मी तुमचं उदाहरण आता चार ठिकाणी सांगणार आहे.

निळी खिडकी म्हणजे विंडोजचा पॉवरशेल. त्यात कमांडपुढे बाणाचं चिन्ह देऊन फाइलमध्ये लिहिलं की तो जुना पॉवरशेल ती फाइल यूटीएफ-१६ मध्ये लिहितो आणि मायएसक्यूएलला ते परत वाचता येत नाही. तुमचा डेटा किंवा भाचा, दोघांचीही चूक नाही. बाण वापरायचाच नाही, त्याऐवजी --रिझल्ट-फाइल= लिहून फाइलचं नाव द्यायचं, मग डंप स्वतःच फाइल लिहितो, पॉवरशेल मधे येत नाही. आणि सोबत --डिफॉल्ट-कॅरेक्टर-सेट=यूटीएफ८एमबी४ ठेवा, चढवताना पण तेच.

प्रश्नचिन्हांचं काय? ती कन्व्हर्ट करताना पडली, म्हणजे त्या दुसऱ्या कॉम्प्युटरवरची प्रत गेली असं समजा, प्रश्नचिन्ह पडलं की आत मूळ अक्षर उरतच नाही. (नावांच्या जागी टोप्या घातलेली फ्रेंचसारखी अक्षरं दिसली असती तर आशा होती, तसलं बहुतेक वेळा उलटं फिरवता येतं.) पण मूळ कॉम्प्युटरवर नावं नीट दिसताहेत ना, मग रडायचं काही कारण नाही, आजच नवा बॅकअप काढा. पुस्तकं आणि सभासद घेता पण देवघेवीचं टेबल घेत नाही असं दिसतंय, ते पण घ्या, नाहीतर पुस्तक कोणाकडे आहे तेच कळणार नाही आणि इंदूरात एकदा गेलेलं पुस्तक मागितल्याशिवाय परत येत नाही. तिन्ही नावं एकाच कमांडमध्ये एकापुढे एक लिहा. वेगवेगळ्या वेळी काढलेली टेबलं एकमेकांशी जुळत नाहीत.

प्रश्न (एका खाजगी संस्थेतले कर्मचारी, लश्कर, ग्वाल्हेर): आमच्याकडे एसक्यूएल सर्व्हर आहे, डेटाबेस ८० जीबी. त्यातले ६५ जीबी नुसतं लॉगचं टेबल, कोणी कधी कुठलं पान उघडलं वगैरे. आमच्या साहेबांचं म्हणणं की महत्त्वाची टेबलं तीनच आहेत, रोज फक्त त्या तिघांचा बॅकअप घ्या, जागा वाचेल. मी दोन दिवस कमांड शोधतोय, सापडत नाही.

उत्तर: सापडणार पण नाही, नाहीचै. एसक्यूएल सर्व्हरचं बॅकअप स्टेटमेंट डेटाबेसचा, फाइलचा, फाइलग्रुपचा (डेटाबेसच्या फाइलींच्या गटाचा) आणि ट्रान्झॅक्शन लॉगचा (डेटाबेसमधल्या बदलांच्या नोंदीचा, तुमचं लॉगचं टेबल वेगळं) बॅकअप घेतं, टेबलाचा घेत नाही. लोक बीसीपीनं टेबल फाइलमध्ये काढतात किंवा सिलेक्ट इंटूनं कॉपी करतात आणि त्यालाच बॅकअप म्हणतात, म्हणू देत, पण त्याच्यावर लॉग चढवता येत नाही, म्हणजे 'दुपारी ३ वाजून ४० मिनिटांची स्थिती द्या' असं त्याला विचारता येत नाही. जेव्हा काढली तेव्हाची, बस.

साहेबांचा मुद्दा चुकीचा नाहीये बरं का, ६५ जीबी कचरा रोज वाहून नेणं मलाही पटत नाही. पण ज्या टोकाला धरून ते ओढताहेत ते टोक उलटं आहे. महत्त्वाची तीन टेबलं वेगळी काढू नका, बिनमहत्त्वाचं एक टेबल बाहेर काढा. ते लॉगचं टेबल दुसऱ्या डेटाबेसमध्ये हलवा, त्याचा बॅकअप आठवड्यातून एकदा घ्या नाहीतर घेऊही नका, साहेबांना ठरवू द्या. उरले १५ जीबी, त्यांचा रोज पूर्ण बॅकअप, रिकव्हरी मॉडेल फुल, आणि दर १५ मिनिटांनी लॉग बॅकअप. दोन डेटाबेसमध्ये फॉरेन की लावता येत नाही एवढं मात्र बघून घ्या, लॉगच्या टेबलाला सहसा ती नसतेच. हलवणं शक्यच नसेल, म्हणजे सॉफ्टवेअरवाला हात लावू देत नसेल, तर त्या टेबलाला वेगळ्या फाइलग्रुपमध्ये टाका, मग रिस्टोरच्या वेळी प्रायमरी आधी आणि ते जड पोतं नंतर असं करता येतं. पण फाइलग्रुपचं प्रकरण सांभाळायला एक शिस्त लागते, दोघातिघांच्या आयटी विभागात मी ते शक्यतो सुचवत नाही.

आणि 'तीनच टेबलं महत्त्वाची' हे वाक्य मी गेली कित्येक वर्षं ऐकतोय. विचारा साहेबांना, फी भरल्याच्या टेबलात विद्यार्थ्याचा नंबर आहे, वर्गाचा कोड आहे, सवलतीचा कोड आहे, त्या कोडांचे अर्थ कुठल्या टेबलात आहेत? ते चौथं, पाचवं आणि सहावं. फॉरेन कीचा धागा धरून जात राहा, तीनाची अकरा होतात.

उद्या खरंच एकच टेबल परत आणायची वेळ आली तर, पूर्ण बॅकअप दुसऱ्या नावानं रिस्टोर करायचा, मूव्ह लिहून फाइलींना वेगळी जागा द्यायची, लॉग चढवत यायचं आणि स्टॉपॲटनं चुकीच्या आधीच्या मिनिटावर थांबायचं. घाईत रिप्लेस लिहू नका, नाव चुकलं तर चालू डेटाबेसच जाईल. मग तिथून फक्त हरवलेल्या ओळी इन्सर्ट करायच्या. आयडी जुनेच ठेवायचे तर आयडेंटिटी-इन्सर्ट ऑन करावं लागतं, कॉलमांची नावं लिहावी लागतात आणि एका सेशनमध्ये एका वेळी एकाच टेबलाला ते चालतं. झालं की ऑफ. डेटाबेस १५ जीबीचा केला असेल तर हे सगळं जेवणाच्या सुट्टीत होतं, ८० चा असेल तर आधी जागा शोधण्यात संध्याकाळ होते, साहेबांना हे कारण लगेच पटेल.

बाजूला उतरवून मग उचलायचं, याला गावठी जुगाड समजू नका. ओरॅकलनं १२सी मध्ये, २०१३ साली, आरमॅनला (त्यांच्या बॅकअपच्या साधनाला) रिकव्हर टेबल अशी कमांड दिली, एका ओळीत टेबल परत. पण आत तो करतो काय, तर एक तात्पुरता दुसरा इन्स्टन्स उभा करतो, बॅकअपमधून लागतं तेवढं तिथं उतरवतो, हव्या त्या वेळेपर्यंत आणतो आणि तिथून टेबल काढून मूळ डेटाबेसमध्ये घालतो. तुम्ही हातानं करता तेच, फक्त त्यांची फी जास्त.

प्रश्न (लोकमान्य नगर, इंदूर): क्रिएट टेबल ॲज सिलेक्ट करून टेबलाची कॉपी त्याच डेटाबेसमध्ये ठेवली तर तो बॅकअप झाला का?

उत्तर: अपडेट मारायच्या आधी पाच मिनिटांसाठी, हो, उत्तम, मी स्वतः रोज करतो. पण डिस्क गेली तर दोघं सोबत जातील. शिवाय त्या कॉपीत इंडेक्स नसतात, प्रायमरी की नसते, त्यामुळे मूळ टेबल उडवून कॉपीलाच मूळ नाव द्यायचा मोह टाळा, वर वडोदऱ्याच्या मुलाचं झालं तेच होईल. मायएसक्यूएलमध्ये क्रिएट टेबल लाइक केलं तर इंडेक्स येतात, फॉरेन की तरीही येत नाहीत. आणि काम झालं की कॉपी पुसा. एका ठिकाणी मी 'ग्राहक_जुने', 'ग्राहक_जुने२', 'ग्राहक_फायनल', 'ग्राहक_फायनल_खरं' अशी १४ टेबलं बघितलीत आणि कोणतं चालू आहे ते तिथल्या कोणालाच माहीत नव्हतं.

प्रश्न (पलासिया, इंदूर): आमचा रोज रात्री क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप कमांड चालवणारा) निवडक टेबलांचा डंप निघतो, जीझिपमध्ये पाइप होतो (म्हणजे थेट तिकडे जाऊन दाबून लहान होतो), एरर कधीच येत नाही. तरी भीती वाटते. रोज रिस्टोर करून बघणं शक्य नाही, मग काय बघू?

उत्तर: एरर कधीच येत नाही यालाच मी घाबरतो. माझीच गोष्ट सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी ज्या ऑफिसात होतो तिथं अगदी हेच होतं, डंप, पाइप, जीझिप. अनंत चतुर्दशीची रात्र, मी घरच्यांबरोबर झांक्या (मिरवणुकीतले देखावे) बघायला उभा, गर्दीत फोन वाजला की ऑर्डरचं टेबल हवंय, कालचं. फोनवरच मुलाला म्हटलं, सगळ्यात नवी फाइल उघड. तो म्हणाला सर, साइज २० दाखवतंय. म्हटलं २० काय, एमबी? म्हणाला नाही, २० बाइट. त्याच्या आधीची? २०. त्याच्या आधीची? २०. अकरा आठवडे रोज रात्री नेमानं २० बाइटची फाइल निघत होती. डेटाबेसचा पासवर्ड कोणीतरी बदलला होता, डंप आत शिरतच नव्हता, जीझिप बिचारा जे येईल ते दाबायचा, काहीच आलं नाही तर काहीच नाही ते दाबायचा, आणि रिकाम्याला दाबलं तरी जीझिपची फाइल २० बाइटची होते. आणि पाइपमध्ये शेवटच्या कमांडचा निकाल धरला जातो, जीझिप पास म्हणून सगळं पास! ते टेबल मी शेवटी ईमेलवर गेलेल्या एक्सेलांवरून तीन दिवस बसून जुळवलं, पुढची झांकी काही बघता आली नाही.

त्यामुळे स्क्रिप्टमध्ये सगळ्यात वर सेट -ओ पाइपफेल लिहा, आणि स्क्रिप्ट बॅशनंच चालतेय ना ते बघा. डंपच्या शेवटच्या ओळीत 'डंप कम्प्लीटेड' असं येतं, ते आलंय का ते झेडकॅट आणि टेलनं तपासा, मधेच तुटलेल्या डंपमध्ये ते नसतं. साइज कालच्यापेक्षा फार घटली तर स्वतःला मेल पाठवा. कमांड थेट क्रॉनच्या ओळीतच लिहिली असेल आणि फाइलच्या नावात तारखेसाठी टक्क्याचं चिन्ह वापरलं असेल तर त्याच्यापुढे उलटी तिरकी रेघ द्या, नाहीतर क्रॉन टक्क्याला नवी ओळ समजतो आणि कमांड तिथंच तुटते. इनोडीबी (मायएसक्यूएलमधला टेबल साठवायचा एक प्रकार, मायआयएसएएम हा दुसरा) टेबलं असतील तर --सिंगल-ट्रान्झॅक्शन लावा, सगळी निवडक टेबलं एकाच क्षणाची येतात आणि रात्रपाळीचं काम अडत नाही, फक्त तेवढ्या वेळात कोणी ऑल्टर टेबल करू नये. मायआयएसएएम असेल तर त्याचा उपयोग नाही, तिथं लॉकच लागतं.

रोज रिस्टोर शक्य नाही म्हणता, महिन्यातून एकदा करा, पहिल्या रविवारी सकाळी, पोहे-जिलबी येईपर्यंत होतो. एक टेबल निवडायचं, बाजूला उतरवायचं, ओळी मोजायच्या, मागच्या आठवड्यातली एखादी नोंद शोधून बघायची, किती वेळ लागला ते भिंतीवर लिहून ठेवायचं.

प्रश्न (परत तेच औषधवाले): दादा, सगळं नीट झालं, आभार. मुलगा विचारतोय की व्हेअर विसरलं तर मायएसक्यूएलनं आधीच अडवावं असं काही आहे का?

उत्तर: आहे. कमांड लाइनवर मायएसक्यूएल सुरू करताना --सेफ-अपडेट्स द्यायचं, मग व्हेअरमध्ये की पण नाही आणि लिमिट पण नाही असा अपडेट-डिलीट तो चालवतच नाही. त्यात सिलेक्टला पण आपोआप १००० ओळींची मर्यादा लागते, मोजणी करताना गोंधळू नका. याच पर्यायाचं दुसरं अधिकृत नाव --आय-ॲम-अ-डमी असं आहे, मी गंमत करत नाहीये, मॅन्युअलमध्ये बघा. माझ्या मशीनवर ते कायमचं लावलेलं आहे, मुलाला सांगा.